कंसातली गावं

माझं आजोळ तामलवाडी. एवढं सांगून गप्प बसायची संधी मला आजवर मिळालेली नाही. पुण्यात सांगितलं की समोरचा विचारतो, "हे कुठं आलं?" मग मी म्हणतो, "तुळजापूरच्या अलीकडं." तो लातूरकडचा निघाला तर "तुळजापूरच्या पलीकडं" म्हणावं लागतं. मुंबईत तुळजापूरपासून सुरुवात करून भागत नाही, तिथं आधी सोलापूर सांगावं लागतं, मग चादर, मग शेंगाचटणी, आणि चटणीचा घास गिळून झाल्यावर तामलवाडी. आजोळ सांगायला जावं आणि अर्धा जिल्हा सांगून यावं, असा प्रकार.

मामांना याचं काही वाटत नाही. "नावाचं काय घिऊन बसलाव," मामा म्हणतात, "रस्त्यावरचं गाव हाय. जाणाऱ्याला दिसतंय, तेवढं बास."

दिसतं हे खरं. सोलापूरहून तुळजापूर ४५ किलोमीटर, आणि तामलवाडी साधारण निम्म्या वाटेवर. म्हणजे निघालेल्या माणसाला अजून भूक लागलेली नसते आणि परतणाऱ्याला घर जवळ आलेलं असतं. गावाच्या नशिबी थांबणं नाही. पूर्वी हा रस्ता २११ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग होता आणि सोलापूरहून धुळ्याला जायचा. नंबर बदलून तो ५२ झाला, आणि आता म्हणे पंजाबातल्या संगरूरपासून कर्नाटकातल्या अंकोल्यापर्यंत जातो. मामांच्या ओट्यावर बसून बघितलं तर रस्ता होता तसाच आहे, फक्त रुंद झालाय, आणि म्हशींना पलीकडं न्यायचं काम अवघड झालंय.

पण या रस्त्यानं गावाला एक मान दिला. टोलनाका. फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाल्यापासून कुठला कुठला ड्रायव्हर इथून जातो आणि त्याच्या मोबाइलवर टिंग करून तामलवाडीचं नाव येतं. लुधियानाचा सरदारजी, हुबळीचा अण्णा, सगळ्यांच्या खिशात तामलवाडी. माणसं गावाला येत नाहीत म्हणून गावच माणसांकडं जायला लागलं, तेही पैसे कापून घेऊन. शेअरबाजारवाल्यांनाही हे नाव अनोळखी नाही. १९८८ साली स्थापन झालेल्या बालाजी अमाइन्सचा पहिला कारखाना इथलाच. तिथं मिथाइल अमाइन तयार होतं. ते काय असतं हे मी मामांना एकदा रसायनशास्त्रासकट समजावून सांगितलं. सगळं ऐकून घेऊन मामांनी विचारलं, "म्हशीला चालतंय का?"

आता मूळ दुखण्याकडं येतो. दुखणं नावातल्या शेपटीचं आहे. वाडी.

वाडी म्हणजे कुठल्यातरी गावाचं लेकरू. काक्रंबा आहे म्हणून काक्रंबावाडी आहे, हे कुणालाही पटतं. तामलवाडीच्या वर मात्र कुठलं तामलगाव नाही. आईबापाविना वाढलेलं हे लेकरू मोठं होऊन बसलं आणि आजूबाजूच्या सगळ्या 'गावां'वर दादागिरी करायला लागलं. पोलीस ठाणं तामलवाडीला. म्हणजे सुरतगावचा माणूस भांडला की वाडीत, काटीत बांध कोरला की वाडीत, सावरगावची मोटर चोरीला गेली की फिर्याद द्यायला पुन्हा वाडीत. सुरतगावाचं नाव ऐकून कुणी गुजरातची सुरत समजू नये. ही आमची सुरत, शिवाजी महाराजांनी इकडं काही केलेलं नाही. पण अख्ख्या 'गाव'करानं न्याय मागायला 'वाडी'त यायचं, हे जुन्या माणसांच्या घशाखाली उतरत नाही. काटीचे एक वृद्ध पाहुणे तर शेवटपर्यंत "ठेसनात जाऊन येतो" म्हणायचे, पण गावाचं नाव घ्यायचे नाहीत.

काटीची ऐट वेगळीच आहे. काटी हे या भागातलं कंसात बसणारं गाव. कसं ते सांगतो.

तामलवाडीच्या आसपास दोन सांगव्या आहेत. एक सांगवी (काटी) आणि दुसरी सांगवी (मार्डी). सातबाऱ्यावर, मतदारयादीत, लग्नपत्रिकेत, सगळीकडं हा कंस लागतो. काटीच्या जवळची सांगवी काटीची आणि मार्डीकडची मार्डीची. गंमत अशी, की काटी तुळजापूर तालुक्यात आहे आणि मार्डी पार पलीकडं, उत्तर सोलापुरात. म्हणजे एक सांगवी ओळख सांगायला घरच्या जिल्ह्यातलं गाव घेते आणि दुसरी थेट परजिल्ह्यातून मागून आणते. उसन्या कंसावर संसार चाललाय, आणि व्यवस्थित चाललाय.

वडगावं तीन. वडगाव (काटी), वडगाव (लाख) आणि वडगाव (देव). या तिन्ही वडगावांनी माझा एक आख्खा दिवस खाल्लेला आहे. ते पुढं येईल.

पिंपळ्यानं कंस टाळला, पण दुसरीकडं अडकला. पिंपळा बुद्रुक आणि पिंपळा खुर्द. बुद्रुक म्हणजे फारशीतलं बुजुर्ग, थोरलं. खुर्द म्हणजे धाकटं. सरकारी कागदावर जागा वाचवायला 'बु.' आणि 'खु.' लिहितात. शाळेत असताना मी हे 'पिंपळा बू' आणि 'पिंपळा खू' असं वाचायचो, एक भुतासारखं आणि एक खोकल्यासारखं. बाहेरच्या माणसाला फरक सांगणं सोपं. बुद्रुकचा माणूस "आम्ही पिंपळा बुद्रुकचे" असं पूर्ण सांगतो. खुर्दचा माणूस "पिंपळ्याचे" एवढंच सांगतो. धाकटेपण कुणी आपणहून सांगत नाही. पोरगी बघायला आलेल्यांना पोरगी किती शिकली हे आधी कळतं, खुर्द की बुद्रुक हे टिळा लागल्यावर.

स्पेनमध्येही हेच आहे हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तिकडं 'विल्यानुएव्हा' नावाची ढीगभर गावं आहेत. विल्यानुएव्हा म्हणजे नवं गाव, आपल्या नवेगावासारखं, आणि त्यातली कित्येक शेकडो वर्षांची जुनी. मग ओळखायची कशी? तर मागं शेपूट. हे राजपुत्रांचं नवं गाव, ते अमक्या खोऱ्यातलं. एकाच नावाच्या जोडगावांना 'वरचं' आणि 'खालचं' म्हणतात, म्हणजे बुद्रुक-खुर्दच, फक्त चढउताराच्या भाषेत. आणि त्यांचा तो सर्व्हांतेस. १६०५ साली त्यानं डॉन किहोतेची गोष्ट छापली आणि नायकाच्या गावाचं नाव मुद्दाम सांगितलं नाही. ला मांचा भागातलं एक गाव, एवढ्यावर भागवलं. तेव्हापासून तिकडची गावं आपापसात भांडतायत की ते गाव आमचंच. आमच्या तालुक्यात ही कादंबरी लिहिली असती तर नाव लपवायची गरजच नव्हती. "वडगावात एक माणूस राहात होता" असं बिनधास्त छापलं असतं. कुणाच्या बापाला पत्ता लागला नसता.

कंस गावाला एकदा लागला की कायमचा लागला, असंही नाही. आजीचं उदाहरण घ्या. आजीचं माहेर मार्डी, यमाईचं. सासर तामलवाडी. मधलं अंतर असं, की भाकरी बांधून निघालं तर ती गरम असतानाच पोचावं. पण आजीच्या लग्नात "पोरगी मोगलाईत दिली" म्हणून मार्डीत बायका रडल्या होत्या. मार्डी इंग्रजांच्या हद्दीत, तामलवाडी निजामाच्या. माहेरी रुपया कलदार, सासरी हाली, आणि हाली रुपया कलदारापेक्षा हलका. माहेरी कागदावर इंग्रजी सन, सासरी फसली. हद्दीवर करोडगिरीची नाकी, तिथं मालावर जकात. आजी सांगायची, की आईनं दिलेलं लुगडं नवं दिसू नये म्हणून ती वाटेत ते अंगावरच नेसून घ्यायची आणि मुद्दाम एक कोपरा धुळीत लोळवायची. टोलनाका आल्यावर मला वाटलं होतं आजी चकित होईल. आजी म्हणाली, "आला का परत?"

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबादची कारवाई झाली, १७ तारखेला निजाम शरण आला, आणि मोगलाई संपली. पण कंस बदलायचं थांबलं नाही. आधी हैदराबाद राज्य. मग १९५६ ला द्विभाषिक मुंबई. मग १९६० ला महाराष्ट्र. जिल्ह्याचं ठिकाण एके काळी नळदुर्ग होतं. ते धाराशिवला गेलं, धाराशिवचं सातव्या निजामाच्या नावानं उस्मानाबाद झालं, आणि २०२३ साली उस्मानाबादचं परत धाराशिव. तामलवाडी या सगळ्यात एक वीतभरही हललेली नाही. ती रस्त्याच्या कडेला बसून आहे आणि तिच्यापुढचं 'जि.' तेवढं बदलतंय. यात खरी चांदी झाली ती रबरी शिक्के करणाऱ्याची. सोसायटीचा शिक्का, शाळेचा शिक्का, दूधवाल्याचा शिक्का, सगळे नवे. मामांकडं अजून एक जुना शिक्का आहे, द्राक्षाच्या पेट्यांवर मारायचा. त्यातलं 'उस्मानाबाद' त्यांनी ब्लेडनं खरवडून काढलंय आणि तिथं काहीच नाही. 'जि.' पुढं नुसता चट्टा. पेट्या बरोबर पोचतात.

आजही ही हद्द आहे, फक्त नाक्याशिवायची. इकडच्या गाड्या २५ नंबरच्या, पलीकडच्या १३ च्या. इकडं १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, सकाळी झेंडा आणि पोरांच्या हातात गोळ्या. पलीकडच्या मार्डीत तोच दिवस साधा. दोन्हीकडं नाती असलेली पोरं त्या दिवशी कुठल्या आजीकडं झोपायचं हे बरोबर ठरवून घेतात. पोस्टानं मात्र ही हद्द कधी मानलीच नाही. सोलापूर ४१३००१, धाराशिव ४१३५०१, तुळजापूर ४१३६०१. पहिले तीन आकडे सगळ्यांना सारखे.

आणि वर्षातून एकदा हद्दच पुसली जाते. कोजागरीच्या वेळी. सोलापुरातून, कर्नाटकातून, तेलंगणातून माणसं तुळजापूरला चालत निघतात आणि हा रस्ता गाड्यांना बंद करून माणसांना मोकळा करतात. ज्या रस्त्यावर एरवी म्हैस पलीकडं न्यायला पंधरा मिनिटं लागतात, त्या रस्त्यावर रात्रभर "आई राजा उदो उदो". गावोगावची मंडळी कडेला उभी असतात, कुणी केळी देतंय, कुणी दूध, कुणी पायाला तेल लावून देतंय. त्या रात्री तामलवाडीला लोक खरोखर थांबतात, कारण निम्म्या वाटेवर पायांना फोड येतात. मामा दर वर्षी चहाचं पातेलं घेऊन बसतात. चहा पिणारा विचारतो, "कुठलं गाव म्हणायचं हे?" मामा सांगतात, "निम्मं झालं." तो नमस्कार करून पुढं जातो. गावाचं नाव विचारलं होतं आणि अंतर मिळालं, हे त्याच्याही लक्षात येत नाही.

आता वडगावांनी खाल्लेला तो दिवस. म्हणजे म्हैस.

मागच्या दिवाळीनंतर मामांना फोन आला. मामा तेव्हा सोयाबीनच्या मळणीयंत्राशेजारी उभे होते, त्यामुळं ऐकू आलं ते एवढं : पंढरपुरी म्हैस, दुसऱ्या वेताची, दोन्ही वेळेला चार-चार लिटर, वडगाव. मामांनी 'कुठलं वडगाव' हे विचारलं नाही. तामलवाडीच्या माणसाला वडगाव म्हणजे वडगाव (काटी), जसं घरातल्यांना 'दादा' म्हणजे आपलाच दादा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोटारसायकल काढली, मामा मागं बसले, मांडीवर कासरा. मी मोबाइलवर 'वडगाव' टाकलं. नकाशानं वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक आणि वडगाव मावळ दाखवून सरळ पुण्याकडं बोट केलं. मामा म्हणाले, "त्याला कळंना झालंय. त्यो ठिव खिशात."

वडगाव (काटी)त पोचलो. म्हैसवाल्याचं नाव माहीत नव्हतं, आडनाव होतं, आणि त्या आडनावाचं निम्मं गाव. पारावरच्या माणसांनी आम्हाला आधी चहा पाजला. मग सुशीला आली, मुरमुऱ्यांची, वर शेंगदाणे. ती खाऊन झाल्यावर एकानं विचारलं, "कशापाई आला होता?"

"म्हस बघाया."

"हितं कुणी म्हस काढली न्हाई. कुठलं वडगाव म्हणला त्यो?"

मामांनी फोन लावला. लागेना. शेतात रेंज नसेल. पाराचं एकमत झालं, की वडगाव लाख असणार.

निघालो. वाटेत एका हॉटेलवर मामांच्या ओळखीचे दाजी भेटले.

"कुठं निघालाव, मामा?"

"म्हस बघाया. वडगाव, लाख."

दाजींनी बशी खाली ठेवली. "लाख? म्हशीला?"

"लाख म्हंजे वडगाव लाख."

"वडगावात लाखाची म्हस कुणाकडं आली?"

"म्हस लाखाची न्हाई, वडगाव लाखाचं."

"आख्खं?"

हे मी तिथं उभं राहून ऐकलेलं आहे, एक शब्द पदरचा घातलेला नाही. दाजींनी ते नीट ऐकलं की नाही कोण जाणे, पण संध्याकाळपर्यंत भागात बातमी होती, की मामा लाखाची म्हैस घेतायत. आठ दिवस उसने मागणारे येत होते.

वडगाव (लाख)लाही चहा. त्या आडनावाचं तिथं एकच घर, आणि त्या घरात बैल. म्हाताऱ्या मालकानं बैल दाखवला, दात दाखवले, शिंगं दाखवली. मामांनीही सगळं बघून घेतलं, खिलार होता, बघण्यासारखा होता. म्हातारा म्हणाला, "म्हस हवी तर देवाकडं जा."

मी एकदम गंभीर झालो. मग लक्षात आलं, वडगाव देव.

देवाला पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं. या वेळी मी शहाणा झालो होतो. गावात शिरायच्या आधी रस्त्यावर एका पोराला थांबवून विचारलं, "हे कुठलं वडगाव?" पोरगं म्हणालं, "कुठलं पाहिजे?" त्याला गिऱ्हाईक परत पाठवायचं नव्हतं. मामा खाली उतरले, देवाला हात जोडले आणि फोन लावला. लागला.

पलीकडून आवाज आला, "सकाळधरनं वाट बघायलोय. कुठं हाव?"

"वडगावात," मामा म्हणाले.

"मी बी वडगावातच हाय. कुठल्या?"

"देव."

"देवाचं मला ठावं हाय, गाव कुठलं ते सांगा."

शेवटी निघालं ते वडगाव (सिद्धेश्वर), तालुका धाराशिव. आमच्या तीन कंसांत न बसणारं चौथं. म्हैसवाल्याचं म्हणणं, त्यानं 'सिद्धेश्वर' म्हटलं होतं. मामांचं म्हणणं, मळणीयंत्रानं ते खाल्लं. दोन्ही खरं असावं.

अंधार पडता पडता तिथं पोचलो. म्हैस खरंच चांगली होती. लांब, मागं वळलेली तलवारीसारखी शिंगं, कास भरदार, सड चारी सारखे. मामांनी पाठीवरून हात फिरवला, शेपटी उचलून बघितली, कानाशी वाकून काहीतरी बोलले. मग दोघं गोठ्याच्या कोपऱ्यात गेले, उपरण्याखाली हात घातले आणि बोटांनी भाव सुरू झाला. चेहरे असे कोरे, जणू मयताला आलेत. वरून एवढंच ऐकू येत होतं, "न्हाई बसत", "बघा की", "एवढ्या लांबनं आलोय". एकदा उपरणं जोरात हललं. मामा नंतर म्हणाले, त्यानं एक बोट जास्त धरलं होतं. किती ठरलं ते मामांनी आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही. मामी दर महिन्याला एक आकडा बोलून बघते आणि मामांच्या चेहऱ्याकडं बघते.

चौथ्या वडगावचा चहा घेतला, नको म्हणायची सोय नव्हती. म्हैस छोट्या हत्तीत चढवली, मागं मी आणि मामा. रात्री साडेदहाला तामलवाडीत शिरलो तेव्हा ओट्यावर दहाबारा जण बसलेले. लाखाची म्हैस बघायला सुरतगावपासून माणसं आली होती. मामीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, म्हशीच्या पायावर पाणी घातलं. एकानं बॅटरी मारून शिंगं बघितली आणि विचारलं, "कुठली म्हणायची, मामा?"

"वडगावची."

"कुठल्या वडगावची?"

मामांनी बादली उचलली. म्हणाले, "आधी धार तर काढू द्या."